टोळाची जागा

सातव्या मॅचच्या मध्यंतराला कोचबाईंनी त्याची जागा पुन्हा बदलली, तेव्हा बाकावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "आता गोलकीपर आणि पंच एवढंच राहिलं."

सगळे हसले. तोही हसला, कारण न हसून करणार काय? पण पाण्याची बाटली तोंडाला लावताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

संघात त्याला टोळ म्हणायचे. उंच, काटकुळा, पळताना ढोपरं दोन्ही बाजूंना फेकणारा. वय एकोणीस. फ्रिज आणि एसी दुरुस्तीच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होता, पण कोणी विचारलं की तो आधी "हॉकी खेळतो" म्हणायचा आणि मग आठवलं तर बाकीचं सांगायचा. आदल्या वर्षी ज्युनिअर संघात त्याने एकोणीस मॅचमध्ये सत्तावीस गोल केले होते. सिनिअर संघात आल्यापासून सात मॅच झाल्या होत्या आणि गोलांच्या नावाने शून्य.

बाईंनी त्याला आधी डाव्या विंगला लावला. तिथे तो सारखा आत घुसायचा आणि डावी बाजू उघडी पडायची. मग उजव्या विंगला लावला. तिथे बॉल घेऊन तो रेषेबाहेर जाऊन थांबायचा. मग सेंटर फॉरवर्डला, म्हणजे अगदी गोलसमोर लावला. तिथे समोरच्या संघाचे दोन धिप्पाड बॅक त्याला मधे घ्यायचे आणि मॅच संपेपर्यंत बाहेर सोडायचे नाहीत. ज्युनिअरमध्ये तो त्यांच्यातून सुळकन निसटायचा. इथली माणसं तीस-तीस वर्षांची होती, लग्न झालेली, अंगापिंडाने भरलेली. त्यांना निसटणारी पोरं चांगली ठाऊक होती.

आणि सल्ले तर काय, रस्त्यावर मिळत होते. बाबा लिफ्ट मेकॅनिक होते, त्यांचं म्हणणं होतं, "तू बटण दाबण्याआधीच निघतोस." आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करायची. तिच्याबरोबरच्या बायकांनी मिळून निदान केलं होतं की पोराला लोह कमी पडतंय. टर्फवर पाणी मारणाऱ्या माळीबुवांनी तर पाइप हातात धरूनच सांगितलं होतं, "तुझे बूट बदल."

सातव्या मॅचच्या उत्तरार्धात तो पुन्हा सेंटर फॉरवर्डला गेला. दहा मिनिटांत उजवीकडून एक पास आला. गोलकीपर घसरून आडवा पडला होता. समोर अख्खा गोल रिकामा, नुसता ढकलला असता तरी चाललं असतं. टोळने जीव खाऊन मारला. स्टिकची कड लागली आणि बॉल खांबाबाहेरून निघून गेला. प्रेक्षकांतून "अरेरे" सुद्धा आलं नाही.

"पुढे राहा रे! पुढे राहा!" मागून कप्तान ओरडला. तो नेहमी हेच ओरडायचा, कारण टोळला सारखं मागे सरकायची खोड होती.

तो पुढे राहिला. पुढच्याच मिनिटाला एका बॅकची स्टिक त्याच्या डाव्या हातावर बसली.

एक्स-रेमध्ये करंगळीच्या हाडात केसासारखी चीर दिसली. डॉक्टरांनी करंगळी शेजारच्या बोटाला बांधली आणि म्हणाले, "पाच आठवडे स्टिकला हात लावायचा नाही."

टोळने मान हलवली. आणि त्या क्षणी त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. पाच आठवडे गोल चुकणार नव्हता. पाच आठवडे कोणी हसणार नव्हतं. इतकं हायसं वाटलं, की दुसऱ्याच मिनिटाला त्याला स्वतःची लाज वाटली. जो खेळ नसला तर आपण कोण असा प्रश्न पडायचा, तोच खेळ सुटल्याचा आनंद?

घरी आल्यावर आईने बोटाकडे नाही, तोंडाकडे बघितलं.

"दुखतंय का?"

"नाही फारसं."

"दिसतंयच. सुट्टी लागल्यासारखं तोंड झालंय," ती म्हणाली.

मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला सराव असायचा. त्याला वाटलं होतं, आता सकाळी झोपायला मिळेल. पण सोमवारी कोचबाईंचा फोन आला. बाई पन्नाशीच्या. एका शाळेत खेळाच्या शिक्षिका, आणि त्याआधी अठरा वर्षं गोलकीपर. बोलायच्या मोजकं.

"बोट मोडलंय. डोळे मोडले नाहीत ना?"

"नाही बाई."

"मग उद्या ये."

कपडे बदलायच्या खोल्यांच्या बाहेरून वर गच्चीवर जाणारा एक लोखंडी जिना होता. बाईंनी त्याला जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन बसवला. हातात चौकटीच्या कागदांची वही दिली. पानभर मैदान आखलेलं होतं.

"दर रविवारी इथे बसायचं. समोरच्यांच्या अर्ध्यात आपण बॉल जिथे जिथे गमावू, तिथे एक ठिपका. बाजूला लिहायचं, कोणामुळे गेला. बस."

"याने काय होणार बाई?"

"तुझं अक्षर नाही सुधारणार," बाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

पहिल्या रविवारी तो फुरंगटून बसला. जिन्याची पायरी जाळीची होती, दहा मिनिटांत मांड्यांवर चौकटी उमटल्या. त्याच्या जागी आलेल्या पोराने पहिल्या पंधरा मिनिटांत गोल केला, तेव्हा तर वही खाली फेकून घरी जावंसं वाटलं. पण ठिपके काढायचे म्हणजे बघावं लागतंच. हळूहळू तो स्वतःला विसरला. वरून खेळ वेगळाच दिसत होता. खाली पळताना माणसांचे खांदे आणि पाय दिसतात. वरून माणसांच्या मधल्या जागा दिसत होत्या. त्या उघडायच्या, बंद व्हायच्या, एकीकडून दुसरीकडे सरकायच्या.

मॅच संपल्यावर त्याने ठिपके मोजले. अडतीस. त्यातले सतरा एकाच ठिकाणी होते, पुढच्या तिघा फॉरवर्डच्या मागे आणि मधल्या फळीच्या पुढे, बरोबर मधोमध. गोलपासून चाळीसेक पावलांवर, एका मोठ्या खोलीएवढी जागा. आपले लोक मागून बॉल मारत, तो तिथे येऊन पडे, आणि तिथे आपलं कोणीच नसे. समोरचा हाफ, म्हणजे त्यांच्या मधल्या फळीतला खेळाडू, दोन पावलं पुढे येऊन आरामात उचलून नेई.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी त्याने ठिपके काढता काढता बाजूची नावं नीट वाचली, आणि पेन्सिल थांबली.

ती जागा कप्तानची होती.

पुढच्या तिघांना मागच्यांशी जोडणाऱ्या खेळाडूला सगळे इनसाइड म्हणायचे. कप्तान बारा वर्षं इनसाइड खेळत होता. बॉल आला की त्याने तिथे असायला हवं होतं, आणि तो चार-पाच पावलं मागे असायचा. पूर्वी नसायचा. वरून बघताना टोळला आणखी एक गोष्ट दिसली, जी खाली कधी दिसली नव्हती. खेळ दुसऱ्या टोकाला गेला की कप्तान गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा, आणि कोणी बघायच्या आत सरळ व्हायचा.

आणि दुसरीही एक गोष्ट होती. प्रत्येक वेळी बॉल त्या मोकळ्या खोलीकडे निघाला की टोळचे पाय पायरीवर आपोआप हलायचे. बॉल तिथे जाणार हे त्याला दोन सेकंद आधीच कळायचं. सेंटर फॉरवर्ड असताना आपण सारखे मागे का सरकत होतो, ते त्याला आता कळलं. ती खोड नव्हती. तो त्या जागेकडे जात होता, आणि कप्तान त्याला ओरडून पुढे पाठवत होता.

हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. उलट त्याला वही मिटून ठेवावीशी वाटली.

कारण कप्तान म्हणजे कोण? आदल्या वर्षी ज्युनिअरची मॅच बघून तो टोळच्या घरी आला होता. बाबा म्हणाले होते, "आणि अभ्यासाचं काय?" त्यावर कप्तान म्हणाला, "अभ्यास मी करून घेईन." तो स्वतः काचेचं दुकान चालवायचा आणि दहावीला दोनदा आपटला होता. तरी परीक्षेच्या आधी तीन आठवडे रोज संध्याकाळी टोळला दुकानात बसवून त्याने पुस्तकातले प्रश्न विचारले होते. उत्तर बरोबर की चूक ते त्याला कळायचं नाही. टोळ अडखळला की तो म्हणायचा, "चूक. परत वाच." आणि बहुतेक वेळा ते चूकच असायचं. टोळची पहिली चांगली स्टिक कप्तानची होती, नवी टेप गुंडाळून दिलेली.

त्या माणसाच्या विरोधात तो पानंच्या पानं ठिपके काढत बसला होता.

चौथ्या रविवारची मॅच झाली त्या संध्याकाळी टोळने खोलीचं दार लावून घेतलं. चार नवी पानं आखली आणि सगळे ठिपके पुन्हा काढले, पण या वेळी वाटून. थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे, दोन-चार कोपऱ्यात. नावंही वाटली. विंगच्या पोराला तीन जास्त दिले, त्याला नाहीतरी फरक पडणार नव्हता. खरी पानं त्याने घडी करून खिशात ठेवली.

मंगळवारी सरावाच्या आधी बाईंनी ती नवी पानं एकेक करून पाहिली. चष्मा वर केला, खाली केला.

"छान. सगळीकडे सारखे. भिंतीला चुना मारताना शिंतोडे उडावेत तसे."

टोळने खिशावर हात ठेवला.

"मी अठरा वर्षं गोलात उभी होते," बाई म्हणाल्या. "बॉल कुठे हरवतो आणि कुठून परत येतो, ते मला झोपेतही कळतं. खरी पानं कुठे आहेत?"

"बाई, ती..." त्याने मान खाली घातली. "ती मी नाही देऊ शकत."

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिल्या.

"नको देऊस. रविवारी तुझं बोट सुटतंय. कुठे खेळायचं ते या वेळी मी सांगणार नाही, तू सांगायचंस. आणि ज्याची जागा मागशील, त्यालाही तूच सांगायचंस. माझ्या आडून नाही."

"आणि नाही मागितली तर?"

"मग उजव्या विंगला जा आणि रेषेबाहेर जाऊन थांब," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी घरी तो जेवायला बसला आणि ताटात बोटाने रेघोट्या काढत राहिला. बाबांनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्याने सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "हे बघ, लिफ्टमध्ये जास्त वजन झालं की ती हलतच नाही. कोणीतरी उतरावं लागतं." मग स्वतःच म्हणाले, "पण उतर म्हणणारा वाईट दिसतो, हे खरं."

"म्हणजे मी काय करू?"

"ते नाही मला माहीत. मी लिफ्टचं सांगितलं."

आई हात पुसत आली. "त्याला सांगायचं काय त्यात? गुडघे त्याचेच आहेत ना? का तुझे आहेत?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला तुझ्याआधी कळलंय. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला आपले गुडघे कळत नाहीत होय? मला विचार." ती समोर बसली. "त्याला कळलंय हे तुला कळलंय, एवढंच फक्त त्याला माहीत नाही. ते तू सांगितलंस तर एकट्याने लपवायचं तरी थांबेल."

बुधवारी दुपारी तो काचेच्या दुकानात गेला. आत काच कापायचं मोठं टेबल होतं, वर फेल्टचं जाड कापड लावलेलं. भिंतीला लाकडी मांडणीत काचा उभ्या होत्या, दारातून येणारा उजेड त्यांच्या कडांना हिरवा दिसत होता. कप्तान एका खिडकीची काच कापत होता. पट्टी धरून त्याने कटर एकाच दमात ओढला. बारीक चिरचिर आवाज आला. मग काच टेबलाच्या कडेला आणून खालून हलकेच टिचकी मारली. रेषेवरून ती तंतोतंत दोन झाली.

"ये. बोट काय म्हणतंय?"

"बरं आहे. कप्तान, तुम्हाला एक दाखवायचं होतं."

त्याने घडी उघडली. चार पानं टेबलावर मांडली. घामाने कडा ओलसर झाल्या होत्या. कप्तान वाकला, बघत राहिला. टोळने पाठ करून आणलेलं सगळं एका श्वासात बोलून टाकलं. जागा कुठे आहे, बॉल तिथे कसा जातो, आपल्याला आधीच कसं कळतं. आणि शेवटी, "मला इनसाइड खेळून बघायचंय."

कप्तानने एक पान उचललं, बाजूला स्वतःचं नाव कितीदा लिहिलंय ते बघितलं.

"चार आठवडे जिन्यावर बसून तू हे करत होतास?"

"बाईंनी सांगितलं होतं..."

"बाईंनी ठिपके काढायला सांगितले. मला येऊन दाखवायला तूच निघालास ना?"

"हो."

"मी तुला ज्युनिअरमधून उचलून आणला." त्याने कटर उचलला, परत ठेवला. "काच कापताना बोलायचं नसतं. हात हलतो. जा तू."

"कप्तान..."

"जा म्हटलं ना."

टोळ बाहेर आला. पानं आतच राहिली. परत मागायची हिंमत नव्हती. रस्त्याने जाताना त्याला वाटलं, आपण फार मोठी चूक केली. नुसतं उजव्या विंगला खेळून वर्ष काढलं असतं तर काय बिघडलं असतं? माणसं काढतातच की.

गुरुवारी सकाळी सहाला कप्तान आला नाही. बारा वर्षांत तो सरावाला न आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बाईंनी शिट्टी वाजवली, पळायला लावलं. टोळचं बोट अजून बांधलेलं होतं, तो नुसता पळत होता, आणि प्रत्येक फेरीला फाटकाकडे बघत होता. डाव्या विंगचा पोरगा, ज्याला सगळे भिंगरी म्हणायचे, तो टोळला म्हणाला, "मान मोडेल तुझी."

साडेसहाला फाटक वाजलं. कप्तान आला. टोळकडे न बघता तो सरळ बाईंपाशी गेला. दोघं काहीतरी बोलले, फार वेळ नाही. मग कप्तानने स्टिक उचलली आणि चालत चालत बचावफळीत, अगदी मागे, गोलकीपरच्या पुढे जाऊन उभा राहिला.

सगळ्यांच्या स्टिका एकदम थांबल्या.

"काय बघताय? खेळा," कप्तान ओरडला.

सराव संपल्यावर तो टोळपाशी आला. खिशातून घडी काढून त्याच्या हातात दिली.

"तिसऱ्या पानावर चूक आहे."

टोळने घाईने घडी उघडली. "कुठे?"

"पेनल्टी कॉर्नरच्या आधीचा ठिपका तू डाव्या हाफच्या नावावर लिहिलायस. तो माझा होता. अकरा नाही, बारा." तो बूट सोडायला बाकावर बसला, एक पाय सरळ ठेवून. "लिहायचंच तर नीट लिहायचं."

"दुरुस्त करतो," टोळ म्हणाला.

"आणि एक ऐक. मागे उभं राहायला मला आवडलं, असं समजू नकोस. काल रात्री बायकोशी भांडलो, उगाच. तिचा काही संबंध नव्हता." त्याने लेस ओढली. "दोन वर्षं आहेत अजून माझ्यात. ती मी खेळणार. मागे तर मागे."

रविवारी समोर त्या वर्षीचा सगळ्यात पुढचा संघ होता. आठ मॅच जिंकलेला. टर्फवर नुकतंच पाणी मारलं होतं, बॉल सळसळत जात होता. बाबा पहिल्यांदाच मॅचला आले होते आणि नियम माहीत नसल्याने चुकीच्या वेळी टाळ्या वाजवत होते.

पूर्वार्ध वाईट गेला. सवय म्हणजे सवय. बॉल आपल्याकडे आला की टोळ पुढे धावत सुटायचा, गोलकडे, आणि ती मोकळी जागा पुन्हा मोकळीच राहायची. दोन वेळा बॉल तिथून समोरच्यांनी उचलला. दुसऱ्या वेळी त्यांनी गोल केला. मध्यंतराला तो बाकावर जाऊन बसला. बाई दुसऱ्याच कोणाला तरी बूट घट्ट बांधायला सांगत होत्या.

कप्तान त्याच्या शेजारी टेकला. "मी मागून बॉल मारतो तेव्हा तू काय बघतोस?"

"गोल."

"गोल कुठे पळून जातोय? मला बघ. मी मान वर केली की थांब. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

उत्तरार्ध सुरू झाला. पाचेक मिनिटांनी बॉल मागे कप्तानकडे आला. मागे त्याला वेळ होता. धावायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं, आणि बघण्यात त्याच्या तोडीचा माणूस मैदानावर दुसरा नव्हता. त्याने मान वर केली. टोळचे पाय पुढे निघाले होते.

"थांब!" कप्तान गरजला. "तिथेच थांब!"

टोळ थांबला. समोरचा हाफ त्याच्याबरोबर धावत होता, तो थांबू शकला नाही, तीन पावलं पुढे गेला. आणि कप्तानच्या स्टिकवरून निघालेला बॉल दोघांच्या मधून, पाण्याची बारीक धार उडवत, सरळ टोळच्या स्टिकवर आला. त्याने वळता वळताच तो घेतला. समोर कोणी नव्हतं. उजवीकडे सेंटर फॉरवर्ड दोन बॅकमध्ये अडकला होता, हे त्याला न बघता कळलं. डावीकडे भिंगरी सुटला होता, हेही कळलं. त्याने ढकलला. जोर नाही, नुसता ढकलला. भिंगरीने डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरून एका फटक्यात मारला आणि गोलमधली मागची लाकडी फळी खणकन वाजली.

एक-एक.

भिंगरी ओरडत टोळच्या अंगावर येऊन आदळला. टोळने मागे वळून बघितलं. कप्तान गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता. या वेळी तो घाईने सरळ झाला नाही. तसाच वाकून हसत होता.

मॅच काही तिथे संपली नाही. दहा मिनिटांनी समोरच्यांचा एक वेगवान पोरगा कप्तानच्या बाजूने निघून गेला आणि त्यांनी दुसरा गोल केला. कप्तानने स्टिक टर्फवर आपटली. टोळने नंतर दोन पास चुकवले, एक तर सरळ समोरच्याच्या हातात दिल्यासारखा. पण त्या मधल्या खोलीत तो राहिला. शेवटच्या पाच मिनिटांत त्याने दोघांना आपल्याकडे ओढलं, बॉल डीच्या आत सरकवला, आणि तो एका बॅकच्या पायाला लागला. पेनल्टी कॉर्नर. पेनल्टी कॉर्नर नेहमी कप्तान मारायचा, जागा कुठलीही असो. तो मागून चालत आला, घाई न करता. मारला. दोन-दोन.

फाटकाबाहेर बाबा उभे होते. "तू गोल केलास का?"

"नाही."

"मग सगळे तुझ्या पाठीवर का मारत होते?"

टोळने समजावून सांगायला सुरुवात केली. घर येईपर्यंत ते संपलं नाही. बाबांना निम्मं कळलं, पण त्यांनी मधे एकदाही लिफ्टचा विषय काढला नाही.

वर्षाच्या शेवटी संघ पाचवा आला, आदल्या वर्षी आठवा होता. टोळचा पहिला गोल चौदाव्या मॅचला झाला, तोही स्टिकला बॉल चाटून गेला म्हणून. एकूण गोल तीन. पण त्याच्या पासवर दुसऱ्यांनी अकरा केले, आणि हा हिशेब त्याच्या आईने लाँड्रीतल्या बायकांना इतक्या वेळा सांगितला की त्यांना तो पाठ झाला. कप्तान मागे रुळला. कधी कधी जुन्या सवयीने पुढे धावत यायचा, मग टोळच ओरडायचा, "कप्तान, मागे!" आणि सगळे एकमेकांकडे बघून हसू दाबायचे.

वसंतात विभागाच्या निवड चाचणीचा फॉर्म आला. टोळ तो घेऊन काचेच्या दुकानात गेला, कारण त्यावर कप्तानची सही लागायची. टेबलावरच्या फेल्टवर ठेवून त्याने नाव, पत्ता, वय लिहिलं. मग रकाना आला, खेळण्याची जागा. त्याने लिहिलं आणि कागद पुढे सरकवला.

कप्तानने डोळे बारीक करून वाचलं. "इनसाइडचं स्पेलिंग बरोबर आहे का?"

"बरोबर आहे."

"चूक. परत वाच."

टोळने परत वाचलं. बरोबरच होतं. कप्तानने खाली सही केली, आणि गिऱ्हाईक थांबलं होतं म्हणून कटर उचलला.